गोखल्यांवर भाषण हवंय, पण ते गणित सोडून

कोथरूडची_आई :
लेक सातवीत आहे. १९ फेब्रुवारीला शाळेत शिवजयंती, आणि त्याच दिवशी गोपाळ कृष्ण गोखल्यांची पुण्यतिथी. बाईंनी हिच्या गळ्यात गोखले घातलेत. विषय ‘स्वातंत्र्य, शिक्षण, चारित्र्य’, वेळ चार मिनिटं. मला एकच गोष्ट आठवते: गणित दुसऱ्याकडून सोडवून घेतलं, गुरुजींनी शाबासकी दिली आणि छोटा गोपाळ रडला. लेक म्हणते, “आई, हे सगळ्यांना पाठ आहे, पोरं हसतील.” मोबाइलवरचे सुविचार नकोत, एकच वाक्य सोमवारी गोखल्यांचं असतं, मंगळवारी टिळकांचं. कुणी नीट सांगेल का?

निवृत्त_गणितमास्तर :
ताई, ते गणित मी छत्तीस वर्षं वर्गात सांगितलं. कॉपी एकाही पोराची थांबली नाही. ते सोडा, १८९७ सांगा.

गोखले तेव्हा ३१ वर्षांचे. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला विलायतेला गेलेले. इकडे पुण्यात प्लेग, प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँडसाहेबाचे सोल्जर घरोघरी झडत्या घेतायत. सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले, अशी पत्रं पुण्यातल्या मित्रांकडून गेली. गोखल्यांनी ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगून टाकलं. परत येऊन बघतात तर पत्रं लिहिणारे पुढे यायला तयार नाहीत. गोखल्यांनी त्यांची नावं फोडली नाहीत. सिद्ध करता येत नाही म्हणून स्वतः जाहीर, बिनशर्त माफी मागितली. पुण्यात छी-थू झाली. आणि त्याच पुण्यात फर्ग्युसनला शिकवायला जायचं! गणितावरून रडलेलं पोर हेच, पण इथे जवळ घ्यायला गुरुजी नव्हते.

पेठेतला_पुणेकर :
मास्तर, माफीचं एवढं कौतुक कशाला? झडत्यांत जुलूम झाला नव्हता का? त्याच साली टिळक राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा घेऊन तुरुंगात गेले. त्यांनी मागितली का माफी?

निवृत्त_गणितमास्तर :
जुलूम झालाच. प्रश्न त्या एका आरोपाचा होता, जो गोखल्यांनी स्वतःच्या तोंडाने केला होता आणि ज्याला साक्षीदार उरला नव्हता. आमच्या घरात टिळकांची तसबीर होती. वडील गोखल्यांना ‘मवाळ’ म्हणायचे तेव्हा तोंड आंबट व्हायचं त्यांचं. मीही तिशीपर्यंत तसाच. पण १९१५ साली गोखल्यांच्या चितेपाशी टिळक स्वतः उभे राहिले आणि ‘भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न’ म्हणाले. आपण त्यांच्याहून कडवे कशाला व्हायचं?

झेडपीची_बाई :
शिक्षणाचं राहिलंच की. १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी किती साधी बघा: सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती, तीही ज्या नगरपालिकेला वा लोकल बोर्डाला हवी तिथेच. (मुलींचं नंतर, हे मला टोचतंच.) बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण आधीच सुरू केलं होतं, त्याचा दाखला दिला. तरी १९१२ मध्ये विधेयक पडलं, १३ विरुद्ध ३८. आमच्या पिढीने आपल्या अपयशांनीच देशाची सेवा करायची, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. स्वराज्य त्यांनाही हवंच होतं, १९०५ च्या बनारस काँग्रेसचे अध्यक्ष होते ते. पण सही न येणारा माणूस ते चालवणार कसं, ही त्यांची काळजी.

शिक्षण हक्क कायदा लागू झाला २०१० ला. माझ्या वर्गातली ऊसतोडीवाल्यांची पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात, पट निम्मा होतो. हजेरी घेताना ते ३८ आठवतात.

पेठेतला_पुणेकर :
गोखल्यांनी काढलेल्या भारत सेवक समाजाच्या सभासदांच्या सात शपथाही सांगा. त्यात एक आहे, कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. मला सभासदत्व मिळालं नसतं.

कोथरूडची_आई :
सगळ्यांचे आभार. लेकीने १८९७ आणि १३ विरुद्ध ३८ घेतलंय. शपथ धाकट्या भावाला वाचून दाखवली, पाच मिनिटांत रिमोटवरून मारामारी. एक अडचण आहे: बाई म्हणतात गणित हवंच. आता सगळं मिळून चार मिनिटं चाळीस सेकंद होतंय. काय कापू?

निवृत्त_गणितमास्तर :
गुरुजींची शाबासकी कापा.