लहान प्रकाशनासाठी आधी कोणता ईमेल: मासिक पत्र, दिवाळी अंकाची सवलत की कार्टची आठवण?

शाईदौत
नमस्कार मंडळी. लहान प्रकाशन आहे, साठेक पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून, पेमेंट बहुतेक यूपीआयनं. वेबसाइटवरच्या ऑर्डरींमधून जमलेले २,३०० ईमेल पत्ते आहेत, शिवाय ग्रंथप्रदर्शनांतल्या नोंदवह्यांतून टाइप केलेले ३,९००. आजवर ईमेल फक्त पावतीपुरता जातो. मेलसेवा विकणारे सांगतात, सगळंच करा: वेलकम सीरिज, मासिक पत्र, सवलतीचे मेल, कार्ट अर्धवट सोडलेल्यांना आठवण, जुन्या ग्राहकांना परत बोलावणं. या कामाला माणूस एकच, तोही आठवड्यातून एक दिवस. अंकाची सवलतीतली आगाऊ नोंदणी ऑगस्टमध्ये सुरू होते. तोवर यातलं काय उभं करावं?

टपालपेटी
हे पाचही प्रकार एका रांगेत मांडू नका. वाचकानं काहीतरी केलं म्हणून जाणारे मेल वेगळे आणि तुमच्या सोयीच्या तारखेला तुम्ही पाठवता ते वेगळे. पहिले एकदा बांधले की रोज आपोआप जातात. दुसऱ्यांना दर वेळी नवा मजकूर लागतो. हाताशी माणूस एकच असेल तर पहिले आधी बांधा. माझा क्रम असा: अडकलेल्या पेमेंटचा मेल, कार्टची आठवण, वेलकम, मग अंकाची मोहीम. मासिक पत्र सगळ्यात शेवटी, आणि दर महिन्याला दोन पानं वाचण्यासारखं लिहायला वेळ नसेल तर सुरूच करू नका. नुसती पुस्तकांची यादी आणि किमती पाठवल्या तर तिसऱ्या महिन्यापासून कुणी उघडत नाही.

तुमच्या यादीत अडकलेलं पेमेंट नाही, पण यूपीआयवर विक्री असेल तर तेच पहिलं. ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात, गेटवेचा (पेमेंट पार पाडणाऱ्या सेवेचा) निरोप वेबसाइटला उशिरा मिळतो आणि ऑर्डर ‘पेंडिंग’ राहते. तेवढ्यात कार्टची यंत्रणा त्याला ‘तुमची पुस्तकं वाट बघतायत’ असा मेल धाडते. पैसे गेलेल्या माणसाच्या डोक्यात तिडीक जाणारच. म्हणून पेंडिंग ऑर्डरी कार्टच्या यादीतून वगळा आणि त्यांना वेगळा मेल ठेवा: ऑर्डर क्रमांक, रक्कम, ‘पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका’ हे वाक्य ठळक, आणि माणूस उचलेल असा फोन नंबर. या मेलमध्ये जाहिरातीची एकही ओळ नको.

कार्टचे मेल दोनच. पहिला तासाभरानं, दुसरा दुसऱ्या दिवशी. मध्ये ऑर्डर झाली तर दुसरा रद्द व्हायला हवा. ही अट खरंच लागलीय का, ते चाचणी ऑर्डर देऊन बघा. पहिल्या मेलमध्ये सवलत देऊ नका. नेहमीच्या ग्राहकांना ते लगेच कळतं आणि ते कार्ट भरून मुद्दाम थांबतात. पुस्तकांच्या ऑर्डरी बऱ्याचदा टपालखर्चाशी अडतात. समजा ५०० रुपयांवर तुम्ही टपालखर्च घेत नाही आणि कार्टमध्ये ४३० आहेत, तर मेलमध्ये ८० रुपयांची एखादी पुस्तिका सुचवा. सवलतीच्या कूपनापेक्षा हे स्वस्त पडतं.

वेलकम तीन मेलांचं पुरे. लगेच जाणाऱ्या पहिल्यात काय येणार आणि महिन्यातून किती वेळा, ते सांगायचं, सोबत एका प्रकरणाचा दुवा (फाइल जोडू नका, दुवाच द्या). तीन दिवसांनी दुसरा: कथा-कादंबरी, वैचारिक, बालसाहित्य की दिवाळी अंक, यातलं काय आवडतं त्यावर टिचकी मारायला सांगायचं, म्हणजे आवड आपोआप नोंदली जाते. इथे एक गोष्ट सांभाळा. ऑफिसच्या पत्त्यांवर सुरक्षेची यंत्रणा मेलमधले सगळे दुवे स्वतःच उघडून तपासते, त्यामुळे त्या वाचकाला चारही आवडी चिकटतात. चारही दुवे काही सेकंदांत उघडलेले दिसले तर ती नोंद पुसा. आठवड्यानं तिसरा, त्याच्या आवडीच्या एकाच पुस्तकाचा.

अंकाची मोहीम आधी गेल्या वर्षी अंक घेतलेल्यांना, चार दिवसांनी बाकीच्यांना. घोषणा, मधल्या काळात एक उतारा, आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी आठवण. ज्यांनी नोंदणी केली त्यांना पुढचे दोन्ही मेल जाता कामा नयेत. विषयाच्या ओळीत ‘दिवाळी धमाका’ नको. ‘अंकाची अनुक्रमणिका आली’ म्हटलं की तुमचा वाचक उघडतो, कारण त्याला यंदा कोण कोण लिहितंय तेच बघायचं असतं.

नेमसर्व्हर
क्रम पटला. पण त्याआधी डोमेनची (तुमच्या वेबसाइटच्या नावाची) कामं उरका, नाहीतर हे सगळं स्पॅममध्ये जाईल.

पाठवणाऱ्याचा पत्ता तुमच्या डोमेनचाच हवा. मेलसेवेतून जीमेलच्या पत्त्यानं घाऊक मेल पाठवले तर डीमार्कच्या तपासणीत (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का, हे बघणाऱ्या) नापास होतात. डोमेनवर एसपीएफ (तुमच्या नावानं कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क तिन्ही लावा. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. होस्टिंगवाल्यानं एक लावलेली असते, मेलसेवेच्या सूचना वाचून आपण दुसरी घालतो, आणि दोन झाल्या की दोन्ही निकामी. नवीन सेवा जुन्याच ओळीत जोडायची, आणि त्या ओळीमुळे होणाऱ्या डीएनएस चौकश्या (डोमेनच्या नोंदी शोधण्यासाठीच्या विचारणा) १० च्या आत ठेवायच्या. डीमार्क सुरुवातीला फक्त अहवाल घेण्यापुरतं ठेवा.

गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून घाऊक पाठवणाऱ्यांना नियम लावले. गूगलच्या लेखी जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास मेल गेले की तुम्ही घाऊक. तुम्ही त्यात बसत नाही, पण नियम पाळाच: एका टिचकीत नाव वगळण्याची सोय मेलच्या हेडरमध्ये (मजकुराआधीच्या, वाचकाला न दिसणाऱ्या तांत्रिक ओळींत), वगळलेलं नाव दोन दिवसांत बंद, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्याच्या खाली, शक्यतो ०.१ च्या आत. २,००० जीमेल पत्ते धरले तर ०.३ टक्के म्हणजे सहा माणसं. सहा जणांनी ‘स्पॅम’ दाबलं की मर्यादा गाठली.

पावत्या एका सबडोमेनवरून (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेल्या उपनावावरून) आणि जाहिरातीचे मेल दुसऱ्यावरून पाठवा. मोहिमेत काही बिघडलं तरी पावत्यांना त्याची झळ कमी लागते.

आता मराठी मजकुराचं. अंक जर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवला असेल, तर तिथून उचललेला मजकूर मेलमध्ये निरर्थक अक्षरं होऊन येतो. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, तिथेच सगळ्यात जास्त चुका राहतात. चित्रात मजकूर टाकून सुटका करून घेऊ नका. चित्रं बंद असतील तर मेल कोरा दिसतो. दुसरं, जीमेल १०२ केबीच्या आसपास मेल कापतो. देवनागरीचं एक चिन्ह युटीएफ-८ मध्ये (युनिकोड मजकूर साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं, आणि काही एडिटर त्याच चिन्हाचा सात अक्षरांचा सांकेतिक आकडा करून ठेवतात. वर्डमधून चिकटवलेला मजकूर असेल तर फापटपसारा आणखी. मेल कापला गेला की तळाचा ‘नाव वगळा’ दुवा दिसत नाही, आणि माणूस सरळ ‘स्पॅम’ दाबतो. म्हणून उतारा मेलमध्ये चार परिच्छेद, बाकी वेबसाइटवर.

शाईदौत
खूप उपयोगी, आभार. दोन शंका. प्रदर्शनातल्या ३,९०० पत्त्यांचं काय करू? आणि सहा महिन्यांत ज्यांनी काहीच उघडलं नाही त्यांना यादीतून काढा असं सगळीकडे वाचतो, ते करू का?

ग्रंथपेठ
३,९०० पत्ते यादीत घालू नका. नोंदवहीत लोकांनी पत्ता लिहिला तो बहुधा अभिप्रायाखाली किंवा सोडतीसाठी. जाहिरातीचे मेल पाठवा असं ते म्हणालेले नाहीत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट आणि ठरावीक कारणासाठी असावी लागते, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं. व्यवहार म्हणून बघितलं तरी तोटाच: हस्ताक्षर नीट न लागल्यानं चुकलेल्या, बंद पडलेल्या पत्त्यांवरचे मेल परत येतात आणि तुमच्या डोमेनची पत पहिल्याच आठवड्यात जाते.

ज्या वह्यांच्या पानावर ‘नवीन पुस्तकांची माहिती हवी असल्यास’ असं छापलेलं होतं, तेवढेच पत्ते बाजूला काढा. त्यांना रोज शंभर-दोनशे असा एकच मेल: कुठल्या प्रदर्शनात नाव दिलं होतं ते पहिल्या ओळीत, आणि ‘हो, पाठवा’ हे एकच बटण. दाबलं तर यादीत, नाही तर पुन्हा मेल नाही. परत येणारे मेल दोन टक्क्यांच्या वर गेले की तिथेच थांबा. पुढच्या प्रदर्शनात टेबलावर क्यूआर ठेवा, म्हणजे वाचक आपला पत्ता स्वतःच टाइप करेल.

सहा महिन्यांची छाटणी तुम्हाला लागू नाही. ती रोजची खरेदी असलेल्या दुकानांची मोजपट्टी आहे. वर्षातून एकदाच, दिवाळी अंक घेणारा वाचक त्या हिशोबात दर मे महिन्यात ‘मेलेला’ ठरेल, आणि तो तर तुमचा सर्वांत निष्ठावान ग्राहक. तुम्ही पंधरा महिने धरा, म्हणजे एक दिवाळी पूर्ण जाते. त्या काळात ना ऑर्डर ना एकही टिचकी, अशांना जुलैमध्ये एक मेल, ‘पुढे पाठवू का?’ उत्तर नाही आलं तर अंकाच्या मोहिमेआधी वगळा.

आणि ‘उघडलं नाही’ या आकड्यावर तर निर्णय घेऊच नका. मेल उघडला की नाही, ते त्यातलं एक लपवलेलं चित्र उतरवलं गेलं का यावरून मोजतात. ॲपलनं २०२१ मध्ये त्यांच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली, तेव्हापासून चित्रं आधीच उतरवली जातात आणि न वाचलेला मेलही ‘उघडला’ म्हणून नोंदला जातो. उलट चित्रं बंद ठेवणारा नेमानं वाचत असला तरी नोंदला जात नाही.

टपालपेटी
मोजायचं ते टिचक्या आणि ऑर्डरी. प्रत्येक मोहिमेला वेगळं कूपन ठेवा, म्हणजे फोनवरून आलेली ऑर्डरही कुठल्या मेलमुळे ते कळतं. दोन विषय-ओळींची तुलना करायचा मोह होईल, पण २,३०० च्या यादीत ती फारसं काही सांगत नाही. अर्ध्या-अर्ध्या यादीत एकाला २५ टिचक्या आणि दुसऱ्याला ३२ मिळाल्या, तर तो फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. तो वेळ अनुक्रमणिकेच्या मेलला द्या, आणि तो मेल साध्या अँड्रॉइड फोनवर उघडून नोंदणीचं बटण पहिल्याच पडद्यावर दिसतंय का ते बघा.