डिटेक्टरवर किती विसंबायचं?
"एआयने लिहिलेला मजकूर डिटेक्टर बरोब्बर पकडतो" असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. त्यांच्याच चाचणीत एआयचा जेमतेम २६ टक्के मजकूर ओळखता आला, वर माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राच्या नावावर! जुलैत गुंडाळलं.

म्हणून डिटेक्टरऐवजी मी आधी संदर्भसूची बघते. परवा एका प्रबंधातला डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडला: लेखक खरे, जर्नल खरं, दुवा मात्र भलत्याच लेखाचा. विद्यार्थ्याला समोर बसवून विचारलं, "हा संदर्भ इथे कशासाठी?" गडी गप्प. (आधीचा मसुदा मीच न तपासता पुढे पाठवला होता, हेही खरं.) भाषा सुधारायला चॅटजीपीटी खुशाल वापरा, फक्त तसं लिहून द्या.