सगळंच भंगार नव्हतं

रशियाविरुद्ध लढायला युरोपने युक्रेनला शस्त्रं म्हणून घरातली अडगळ तेवढी दिली, हे तुमचं म्हणणं अर्धं पटलं. सुरुवात तशीच होती. जानेवारी 2022 मध्ये जर्मनीने 5000 हेल्मेटं देऊ केली, तेव्हा कीवचे महापौर क्लिच्को यांनी विचारलं होतं, पुढे काय, उशा पाठवणार? (मला लग्नात फिरवून दिलेला आहेर आठवला.) पण वर्षभरात त्याच जर्मनीने लेपर्ड-2 रणगाड्यांना होकार दिला.

आणि डेन्मार्क बघा. ट्रकवर बसवलेल्या फ्रेंच बनावटीच्या सीझर तोफा एकूण 19, त्यातल्या काही तर अजून हातातही पडल्या नव्हत्या. सगळ्या देऊन टाकल्या, स्वतःच्या सैन्याला एकही ठेवली नाही. याला अडगळ कसं म्हणायचं? 2024 मध्ये त्यांनी आणखी डोकं लावलं. पैसे युक्रेनच्याच कारखान्यांना दिले आणि तिथे बनलेल्या 18 बोहदाना तोफा युक्रेनी सैन्याला मिळाल्या. वाहतुकीचा व्याप नाही, दुरुस्ती घरच्या घरी.

खरी बोंब तोफगोळ्यांची. युरोपियन युनियनने मार्च 2024 पर्यंत 10 लाख गोळ्यांचा वायदा केला. मुदतीत जेमतेम निम्मे जमले. शेवटी चेक प्रजासत्ताकाने युरोपबाहेर हिंडून गोळे शोधले, पैसे इतर देशांनी घातले. विकणाऱ्यांची नावं मात्र गुलदस्त्यात! त्यातही गोम अशी, की युक्रेनच्या जुन्या सोव्हिएत तोफा 152 मिमी व्यासाच्या आणि नाटोचा गोळा 155 चा. तीन मिलिमीटरसाठी तोफच बदलावी लागते.