व्हॉल्व्हच्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधील १०० हर्ट्झची घरघर जात नाही : मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगावच्या शहापूर भागात राहतो आणि गेल्या पावसाळ्यापासून घरीच व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्यांचा) हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर बांधतो आहे. तो वाजतो, आवाजही मनासारखा आहे. मात्र गाणे थांबले की हेडफोनमध्ये एक बारीक, खरखरीत घरघर उरते आणि महिनाभर शोधूनही तिचे मूळ मला सापडलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

आधी मांडणी सांगतो. ईसीसी ८२ या दुहेरी व्हॉल्व्हचा एकेक अर्धा भाग डाव्या-उजव्या बाजूंसाठी व्होल्टेज वाढवतो (सुमारे १३ पट), आणि पुढे प्रत्येक बाजूला ६एन६पी हा एक रशियन दुहेरी व्हॉल्व्ह ‘व्हाइट कॅथोड फॉलोअर’ म्हणून (व्होल्टेज न वाढवता हेडफोन चालवण्याइतका प्रवाह देणारा टप्पा) जोडला आहे. सुरुवातीला ईसीसी ८२ चाच दुसरा अर्धा भाग साधा कॅथोड फॉलोअर म्हणून वापरावा असा विचार होता. परंतु त्याचा जीएम (इनपुटच्या प्रत्येक व्होल्टमागे प्रवाह किती बदलतो ते माप) २.२ मिलिअँपिअर प्रतिव्होल्ट एवढाच असल्याने आउटपुटचा रोध साडेचारशे ओहमच्या आसपास येतो आणि माझा हेडफोन ३०० ओहमचा आहे, म्हणून तो बेत सोडला. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. ३०० ओहमवर त्याची खालची मर्यादा ५ हर्ट्झच्या थोडी वर येते, तेव्हा खर्जाची तक्रार नाही. (३२ ओहमच्या हेडफोनला हाच कपॅसिटर ५० हर्ट्झवरच अडवू लागेल, हे मला ठाऊक आहे.)

व्हॉल्व्हसाठीचा तयार ट्रान्सफॉर्मर इथल्या बाजारात मिळाला नाही. म्हणून २३० ते १२ व्होल्टचा ५ अँपिअरचा एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या १२ व्होल्टवर २ अँपिअरचा दुसरा उलटा जोडून उच्च व्होल्टेज काढले आहे. व्हॉल्व्हच्या आतले कॅथोड तापवणारे हीटरही त्याच १२ व्होल्टवर चालतात. दोन्ही ६एन६पींचे हीटर एकमेकांशी मालिकेत आहेत. ब्रिज रेक्टिफायरनंतर (तो ५० हर्ट्झच्या एसीचा डीसी करतो, पण त्यावर १०० हर्ट्झची लहर उरते) १०० मायक्रोफॅरड आणि त्यापुढे ३३० ओहम व १०० मायक्रोफॅरडचे दोन टप्पे असून शेवटी २५० व्होल्ट मिळतात. एकूण प्रवाह ४५ मिलिअँपिअर आहे. कागदावरच्या हिशेबाने पहिल्या कपॅसिटरवर साडेचार व्होल्टची लहर असली तरी शेवटी ती १० मिलिव्होल्टच्या आसपास उरायला हवी, आणि ईसीसी ८२ ला तर आणखी १० किलोओहम व ४७ मायक्रोफॅरडची गाळणी आहे.

अ‍ॅल्युमिनियमची चॅसी उद्यमबागेतील एका कारखान्यात वाकवून घेतली. ग्राउंडसाठी (सगळ्या सर्किटची सामाईक शून्य व्होल्टची जोडणी) चॅसीच्या लांबीभर दीड चौरस मिलिमीटरची उघडी तांब्याची तार ताणली आहे. ब्रिजची ऋण बाजू तिच्या डाव्या टोकाला, फिल्टरचे तिन्ही कपॅसिटर जागेअभावी उजव्या टोकाला, आणि मधल्या भागात इनपुट व व्हॉल्व्हची ग्राउंडे अशी जोडणी आहे. दिसायला ती इतकी सुबक झाली आहे की निपाणीचे माझे थोरले काका, ज्यांनी उमेदीची वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात घालवली आणि ज्यांच्या जुन्या डब्यातून हा ईसीसी ८२ मिळाला, त्यांनीही ती पाहून मान डोलावली.

आता केलेले प्रयोग. फोनवरील स्पेक्ट्रम पाहता ५० हर्ट्झचे टोक लहान आहे, तर १०० चे मोठे असून त्याच्या पटीतील २००, ३०० अशीही टोके दिसतात. व्हॉल्यूम शून्यावर नेला, इनपुट शॉर्ट केला, गाण्याचा स्रोत काढून टाकला, तरी फरक नाही. फॉलोअरच्या वरच्या कॅथोडवर सव्वाशे व्होल्ट असल्याने हीटर २२० किलो आणि ६८ किलोओहमच्या विभाजकाने ५९ व्होल्टवर उचलले. पुढे खात्रीसाठी हीटर एका यूपीएसच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवून पाहिले. ५० चे टोक थोडे खाली आले, १०० चे जराही हलले नाही. ईसीसी ८२ सॉकेटमधून काढला की घरघर जवळजवळ बंद होते. आणि सर्वांत चक्रावणारी गोष्ट अशी की पहिल्या कपॅसिटरला समांतर आणखी २२० मायक्रोफॅरड लावले, तेव्हा घरघर कमी होण्याऐवजी थोडी वाढली आणि अधिक कर्कश झाली.

आवाज मोठा नाही, पण मी ऐकतो ते बहुतेक ख्यालगायन. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या जवळ असतो, त्याच्या शेजारी ही १०० ची घरघर बसते आणि सेकंदाला चार हेलकावे घेत संथ आलापी नासवते.

फिल्टरमध्ये चोक (लहर अडवणारी तारेची गुंडाळी) घालावा, की व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर करावा?

प्रतिसाद

नमस्कार. चोक किंवा रेग्युलेटर यांवर इतक्यात खर्च करू नका. आपण दिलेल्या माहितीतच उत्तर आहे असे वाटते.

लहर पुरवठ्यातून येत असती, तर कपॅसिटर वाढवल्यावर ती घटली असती. मोठ्या कपॅसिटरने लहर कमी होते, पण तो भरणारे प्रवाहाचे ठोके अधिक आखूड आणि उंच होतात. आपला आवाज त्या ठोक्यांच्या मागे गेला, लहरीच्या नाही. हे ठोके सरासरी प्रवाहाच्या कित्येक पट असतात. आपल्या जोडणीत ते कपॅसिटरच्या ऋण टोकापासून ब्रिजपर्यंत परतताना संपूर्ण ग्राउंडच्या तारेतून, म्हणजे ईसीसी ८२ च्या इनपुट आणि कॅथोडच्या ग्राउंडमधून वाहतात. वीस सेंटिमीटर तांब्याचा रोध दोन-अडीच मिलिओहम धरला आणि ठोका ३०० मिलिअँपिअरचा मानला, तरी तारेवर अर्ध्या मिलिव्होल्टहून जास्त पडतो. त्यातला काही भाग व्हॉल्व्हचा ग्रिड (जिथे सिग्नल येतो) आणि कॅथोड यांच्यामध्ये आला की तो १३ पट होऊन हेडफोनमध्ये पोहोचतो. व्हॉल्यूमचा त्याच्याशी संबंध नाही आणि व्हॉल्व्ह काढला की तो थांबतो, हेही याच्याशी जुळते.

ब्रिजची ऋण तार ग्राउंडच्या तारेवरून सोडवून थेट पहिल्या कपॅसिटरच्या ऋण टोकावर सोल्डर करा. ग्राउंडची तार शेवटच्या कपॅसिटरपासून सुरू होऊ द्या. पुढे आधी फॉलोअर, मग ईसीसी ८२, शेवटी इनपुट. चॅसीला ती फक्त इनपुटपाशी जोडा. मेनचे अर्थिंग मात्र चॅसीला स्वतंत्र बोल्टने घट्ट हवे, ते कोणत्याही कारणाने काढू नका. हात घालण्यापूर्वी कपॅसिटर पूर्ण रिकामे झाले आहेत का, ते मीटरने तपासा.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल रात्री जोडणी बदलली, काम जेमतेम अर्ध्या तासाचे होते. हेडफोन लावून मोजले असता आउटपुटवर पूर्वी ६ मिलिव्होल्ट दिसत होते, आता ०.४ दिसतात. १०० आणि तिच्या पटीतील टोके स्पेक्ट्रममध्ये शोधावी लागतात. उरलेले ५० हर्ट्झ फक्त डाव्या बाजूला होते आणि हीटर बॅटरीवर घेतले तरी तसेच राहत होते, म्हणून उलटा जोडलेला ट्रान्सफॉर्मर बोल्ट सैल करून हाताने हळूहळू फिरवला (हेडफोन कानाला, दुसरा हात खिशात). काटकोनात वळल्यावर तेही ऐकू येईनासे झाले. त्याला नवी भोके पाडण्यासाठी चॅसी पुन्हा उद्यमबागेत न्यावी लागेल. काकांना फोन करून सांगितले तेव्हा ते म्हणाले, “तार सरळ ताणलीस तेव्हाच मला बोलायचं होतं, पण दिसत छान होती.”