सल्ला हवा: घरच्यांसोबत 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पाहावा का?

संत्राबर्फी
नमस्कार मंडळी. मुलगा सोळाचा आहे. दिवाळीत गिटार घेऊन दिली, तेव्हापासून दिवसभर क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचीच गाणी वाजवून राहिला. रविवारी सगळ्यांनी मिळून क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीवरचा हा सिनेमा पाहू म्हणतो. सगळ्यांनी म्हणजे माझे बाबाही. त्यांचं वय ७६, जन्मभर शास्त्रीय ऐकलेलं, वसंतराव देशपांड्यांना समोर बसून ऐकलेलं. मी थोडं वाचलं अन् गोंधळले. समीक्षकांनी झोडपलं, प्रेक्षक रडून बाहेर आले, वर चार ऑस्कर. कोणाचं ऐकू? आणि बाबांसमोर अवघड होईल असं काही आहे का?

तर्रीपोहा
ताई, बिनधास्त पाहा. मी २०१८ मध्ये इथल्याच एका थिएटरात पाहिला. आवाज इतका बारीक ठेवला होता की मध्यंतरात जाऊन सांगावं लागलं. तरी शेवटची वीस मिनिटं अंगावर काटा होता. माझ्या बाजूला पन्नाशीचे एक काका होते, ते लंडनच्या वेंबली स्टेडियमवरच्या मैफलीच्या प्रसंगात उभेच राहिले. जगभरात ९० कोटी डॉलरच्या वर कमाई झाली, ती उगाच नाही. फ्रेडी झालेल्या रामी मालेकचं ऑस्कर तर शंभर टक्के हक्काचं.

बेसगिटार
मी पंधरा वर्षं बँडमध्ये वाजवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समीक्षकांचा राग उगाच नव्हता. एक तर दिग्दर्शक ब्रायन सिंगरला शूटिंग संपायच्या आधीच काढलं. उरलेलं काम डेक्स्टर फ्लेचरने पुरं केलं, पडद्यावर नाव मात्र सिंगरचंच राहिलं. ते तुकडे जाणवतात. चौघे मॅनेजरला भेटतात तो साधा बोलण्याचा प्रसंग पाहा. दर वाक्याला कट, कोणाच्या चेहऱ्यावर नजर ठरतच नाही. त्याच सिनेमाला संकलनाचं ऑस्कर मिळालं, यावर लोक अजून वाद घालतात.

दुसरं, काळाची मोडतोड. 'वी विल रॉक यू' १९७७ चं गाणं, सिनेमात ते मिशीवाला फ्रेडी १९८० मध्ये ऐकतो. रिओची मैफल झाली १९८५ च्या जानेवारीत, सिनेमात ती कित्येक वर्षं आधीच येते. हे मी सोडून देतो, गोष्ट सांगताना इतकं चालतं.

सोडवत नाही ते वेगळंच. सिनेमात फ्रेडी एकट्याने गाण्यासाठी बँड सोडतो, सगळे दुरावतात, आणि लाइव्ह एड या वेंबलीवरच्या मदतनिधी मैफलीसाठी परत एकत्र येतात. प्रत्यक्षात बँड तुटला नव्हता. १९८५ च्या मे महिन्यापर्यंत त्यांचा दौरा चालू होता, जुलैत लाइव्ह एड. स्वतंत्र अल्बम तर ड्रमर रॉजर टेलरने फ्रेडीच्या चार वर्षं आधी काढला होता. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे आणि रॉजर टेलर या सिनेमाच्या कामात स्वतः होते. त्यामुळे जिवंत असलेले समजूतदार ठरले अन् गेलेल्याच्या माथी दोष आला, ही टीका मला पटते.

तरीही मी पाच वेळा पाहिलाय. पियानोवरचे पेप्सीचे कागदी पेलेसुद्धा खऱ्या लाइव्ह एडमध्ये होते तसे मांडलेत. त्या पेल्यांकडे पाहताना दर वेळी वाटतं, हे करणाऱ्याचं फ्रेडीवर खरंच प्रेम असणार.

फुटाळाकाठी
माझं मत वेगळं. त्यापेक्षा 'रॉकेटमॅन' दाखवा. एल्टन जॉनवरचा, २०१९ चा, दिग्दर्शक तोच फ्लेचर. त्यात माणसं गाता गाता हवेत तरंगतात, म्हणजे हे स्वप्नासारखं सांगितलंय हे पाहणाऱ्याला पहिल्या गाण्यातच कळतं. शिवाय टॅरन एगर्टन स्वतः गायलाय. मालेकच्या तोंडी बराचसा आवाज खुद्द फ्रेडीचा आणि मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा मिसळलेला आहे. पण 'रॉकेटमॅन'मध्ये नशा आणि शरीरसंबंध जास्त उघड आहेत, बाबांसोबत बसणार असाल तर ते ध्यानात घ्या.

संत्राबर्फी
धन्यवाद सगळ्यांना. मग बोहेमियनमध्ये त्या मानाने काय आहे? आणि फ्रेडीच्या आजाराचं मुलाला कसं सांगू?

बेसगिटार
दोन पुरुषांची चुंबनं आहेत, दारू-नशा आहे, उघडंवाघडं काही नाही. सोळाच्या मुलाला चालेल.

आजाराचं मात्र सिनेमाच्या आधी सांगा, ही कळकळीची विनंती. लाइव्ह एडच्या तालमीत फ्रेडी मित्रांना आपल्याला एड्स झाल्याचं सांगतो, तो प्रसंग रचलेला आहे. निदान १९८७ च्या सुमारास झालं. जगाला त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वेंबलीवर तो मरणाच्या छायेत गात नव्हता. तो आनंदाने, पूर्ण ताकदीने गात होता. मुलाला हे माहीत हवं, नाहीतर आजार म्हणजे उधळपट्टीची शिक्षा असं काहीतरी मनात बसतं. माझ्या पुतण्याच्या मनात बसलं होतं, म्हणून सांगतो.

आणि सिनेमा संपल्या संपल्या खरं चित्रीकरण लावा. १३ जुलै १९८५, वेंबली. थिएटरच्या प्रतीत दोन गाणी गाळली होती, ती खऱ्यात आहेत.

जुना_रेडिओ
बाबांसाठी एक गोष्ट. फ्रेडी मूळचा फारुख बलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, शाळा आपल्या पाचगणीची. पहिला बँडही तिथेच. सिनेमात याला फार जागा नाही, म्हणून आधीच सांगून ठेवा. वडील त्याला 'सद्विचार, सद्वचन, सत्कृत्य' म्हणतात, तो धागा बाबांना भावेल. नंतर 'मी वसंतराव' (२०२२) नक्की लावा. शंकरराव सप्र्यांकडे नागपुरात शिकलेला मुलगा, आणि भूमिका नातू राहुल देशपांडे यांची. तिथे गळाही अभिनेत्याचाच आहे.

संत्राबर्फी
रविवारी पाहिला. बेसगिटार यांनी सांगितलेलं मी पोहे खाता खाताच मुलाला सांगितलं. त्या तालमीच्या प्रसंगात त्याने माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. बाबा पहिला तासभर गप्प होते, 'हे फार धावून राहिलं' एवढंच म्हणाले. मग खरं चित्रीकरण लावलं. फ्रेडी 'ए-ओ' म्हणतो अन् बहात्तर हजार लोक तसंच परत म्हणतात, तिथे बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, 'अगं, हा तालीम देऊन राहिला. गुरू जागा घेतो, शिष्य तीच घेतो.' नातवाला तेवढंच तीनदा लावायला लावलं. तिसऱ्यांदा स्वतःही हळूच गायले.

'मी वसंतराव' पुढच्या शनिवारी. मुलानेच ठरवलंय.