अंगठेबहाद्दर की चिमटीवाले? नवख्याला रेडिओची स्टिक कशी धरायला शिकवायची

तापीकाठ, जळगाव

थंडी पडली की आपल्याकडे नव्या पोरांची रिमोटवर उडणारी फोमी (फोमची) विमानं बाहेर निघतात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो. रेडिओच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, स्टिकवर नुसता अंगठा ठेवायचा, की अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायची? बहुतेक जण ‘तुला जमेल तसं धर’ म्हणून मोकळे होतात. हे उत्तर मला पटत नाही. गेम खेळून आलेल्या पोराला अंगठाच जमणार, त्यात त्याने निवड कुठे केली? माझं म्हणणं सरळ आहे: विमान शिकवायचं असेल (ड्रोनचं सोडा) तर पहिल्या दिवसापासून चिमटी शिकवा.

कारण अंगठा मुळाच्या सांध्यावर फिरतो. त्याचं टोक सरळ रेषेत जात नाही, कमानीत जातं. मोड २ मध्ये उजव्या स्टिकवर एलेरॉन (विमान डावीउजवीकडे कलवतं) आणि एलेवेटर (नाक वरखाली करतं) असतात, डावीवर थ्रॉटल (मोटरची ताकद) आणि रडर (नाक डावीउजवीकडे वळवतं). उजव्या अंगठ्याने एलेरॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, की एलेवेटर नकळत हलतंच. खोटं वाटत असेल तर करून बघा. प्रोपेलर काढा, रेडिओचा चॅनल मॉनिटर (स्टिकचे आकडे दाखवणारी स्क्रीन) उघडा, नजर समोरच्या झाडावर ठेवा आणि एलेरॉन नेहमीच्या वेगाने पाच-सहा वेळा डावीउजवीकडे न्या. एलेवेटरचा आकडा दुसऱ्याला बघायला सांगा. तो ८ टक्क्यांपर्यंत गळत असेल आणि एलेवेटरची पूर्ण चाल १२ मिमी असेल, तर एलेवेटरची पाती जवळजवळ १ मिमी हलली. उंचावर हे कळत नाही. उतरताना, विमान गुडघ्याएवढं वर असताना कळतं.

धरायची पद्धत: अंगठ्याचं पेर स्टिकच्या टोकावर जरा आतल्या बाजूने, तर्जनीचं टोक समोरून, टोकापासून ४-५ मिमी खाली. मधलं बोट रेडिओच्या कडेला टेकलेलं. करंगळी, अनामिका आणि तळव्याची कड रेडिओच्या अंगावर. मनगट हवेत नको. आणि चिमटी सैल हवी. नख पांढरं पडत असेल तर दाब जास्त आहे.

फोमीवाला, भुसावळ

काय भो, सगळं सांगितलं, पण चिमटी धरल्यावर रेडिओ कोण धरणार ते राहिलं.

अंगठ्याच्या पकडीत दोन्ही हातांची मिळून आठ बोटं रेडिओच्या खाली, मागे आणि वरच्या कडेला असतात. चिमटीत तर्जनी वर आली, मधलं बोट कडेला गेलं, उरली प्रत्येक हाताची दोन बोटं आणि तळवा. मोठा रेडिओ बॅटरीसकट पाऊण किलोच्या पुढे जातो. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या पंजात तो दोन बोटांवर राहत नाही. मग पोरगं काय करतं? स्टिकलाच दांडा समजून रेडिओ तोलतं. रेडिओ पुढे कलला की हात आपोआप मागे ओढतो, म्हणजे एलेवेटर वर. तुमची ८ टक्के गळती परवडली!

दुसरी गोष्ट थ्रॉटल कटची, म्हणजे मोटर बंद करणाऱ्या स्विचची. अंगठेवाल्याची तर्जनी कायम वरच्या स्विचवर असते. मोटर बंद करायला त्याला काहीही सोडावं लागत नाही. विमान नाकावर पडलं, प्रोपेलर अडकला आणि थ्रॉटल चालूच आहे, अशा वेळी ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि मोटर जळायला फार वेळ लागत नाही.

गळतीचं म्हणाल तर ३० टक्के एक्स्पो (स्टिकचा मधला भाग मऊ करणारी सेटिंग) टाका. मधल्या भागात चाल सत्तर टक्क्यांवर येते, तुमचा १ मिमी ०.७ होतो. अर्ध्या स्टिकला ५० ऐवजी साधारण ३९ टक्के मिळतात आणि टोकाला पूर्ण शंभर. प्रश्न मिटला.

पांझरा, धुळे

एक्स्पोचं सांगताना चिन्हही सांगत जा भाऊ. स्पेक्ट्रमच्या रेडिओवर आणि एजटीएक्स सॉफ्टवेअरच्या रेडिओवर मधला भाग मऊ करायला अधिक ३० टाकायचे, फुताबाच्या रेडिओवर उणे ३०. एका रेडिओचे आकडे दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरवले आणि चिन्ह उलटं पडलं, तर मधला भाग मऊ होण्याऐवजी तिखट होतो. विमान हातातून सुटताच डोलायला लागतं आणि दोष पकडीला जातो. टाकल्यावर स्क्रीनवरची वक्ररेषा बघा. मध्ये आडवी झोपलेली हवी, उभी चढलेली नको.

आता मूळ मुद्दा. दोघंही उजव्या हाताबद्दलच बोलताय. माझ्या मते चिमटीची जास्त गरज डाव्या हाताला आहे.

आपल्याकडे डांबरी धावपट्टी कुणाला मिळते? काळ्या मातीत रोलर फिरवून केलेली पट्टी, कडेला ढेकळं, मध्ये भेगा. शेपटीला चाक असलेलं विमान अशा पट्टीवरून उठवायचं म्हणजे डाव्या स्टिकवर एकाच वेळी दोन कामं: थ्रॉटल दोन-तीन सेकंदांत हळूहळू वर आणि रडर सतत थोडं उजवीकडे, कारण ताकद वाढली की विमान डावीकडे ओढतं. नुसत्या अंगठ्याने रडर दिलं की तीच कमान आडवी येते आणि थ्रॉटल एक-दोन खाचा मागेपुढे होतं. ताकद बदलली की ओढ बदलते, मग रडर पुन्हा बदला. विमान सापासारखं जातं ते यामुळे. चिमटीत थ्रॉटल स्थिर ठेवून रडर वेगळं देता येतं.

उजवा हात अंगठ्यावर राहिला तरी चालेल. डावा हात चिमटीत आणाच.

फोमीवाला, भुसावळ

थ्रॉटलला स्प्रिंग नसते. जिथे सोडाल तिथे राहतं. तिथे पकडीचं काय एवढं?

पांझरा, धुळे

स्प्रिंग नसते म्हणूनच. उजवी स्टिक चुकून ढकलली तर सोडल्यावर स्प्रिंग तिला मध्ये आणते. थ्रॉटलची चूक तशीच राहते आणि तुमचं लक्ष विमानावर असतं. खाचांची पट्टी काढून गुळगुळीत घर्षणपट्टी लावली असेल तर आणखीच.

अमळनेरी थ्रीडी

पकडीवर भांडायच्या आधी स्टिकची लांबी बघा. कारखान्यातून आलेली स्टिक बहुतेकदा अंगठ्याच्या मापाची, आखूड असते. त्यावर चिमटी धरली की तर्जनी रेडिओच्या पत्र्याला घासते आणि पोरगं म्हणतं, चिमटी जमत नाही.

हिशोब करा. सांध्यापासून टोकापर्यंत ४० मिमी आणि एका बाजूची चाल ३० अंश धरली, तर टोक सुमारे २१ मिमी सरकतं. स्टिक ४६ मिमी केली तर २४ मिमी. बोट १ मिमी थरथरलं तर आखूड स्टिकवर पावणेपाच टक्के चूक, लांबवर सव्वाचार टक्के. फरक थोडा आहे, पण फुकट मिळतो. अंगठेवाल्याने मात्र एवढी लांब करू नये. अंगठा ताणला की टोकाला पेर निसटतं.

लांबी बदलताना: टोक दोन तुकड्यांचं असतं आणि ते एकमेकांवर आवळलेले असतात. खालचा तुकडा धरा, वरचा डावीकडे फिरवून सैल करा, दोन्ही हवे तेवढे वर घ्या, मग खालचा धरून वरचा पुन्हा त्यावर आवळा. काही रेडिओंत याऐवजी बारीक ॲलन स्क्रू असतो. आटे किमान ४-५ मिमी आत राहिले पाहिजेत. नवी टोकं मागवताना आटे एम३ आहेत की एम४ ते आधी तपासा, दोन्ही बाजारात आहेत. दोन्ही स्टिक सारख्याच लांबीच्या करा, आणि एका वेळी ३ मिमीपेक्षा जास्त वाढवू नका, कारण हाताला बदल पचायला वेळ लागतो.

स्प्रिंगचा ताणही बघा. काही रेडिओंत मागची रबरी ग्रिप उचलली की ताणाचे स्क्रू दिसतात, काहींत मागचं झाकण उघडावं लागतं. पाव फेरा फिरवायचा, बंद करायचं, हाताला कसं लागतं ते बघायचं. चिमटीला थोडा जास्त ताण चांगला. अंगठ्याला तोच ताण दिला तर एलेवेटर ओढून धरताना पेर सुटतं. मग स्टिक नुसती मध्ये येत नाही, पलीकडे उसळून परत येते, आणि विमान नाक खाली घालून मग वर करतं. उतरताना बसलेला हा हिसका लोक वाऱ्याच्या नावावर खपवतात.

केळीपट्टा, रावेर

घामावर कुणी बोलेना! मे महिन्यात पारा ४३-४४ वर असतो. सकाळी आठनंतर अंगठा ओला आहे असंच धरा. ओला अंगठा वरून दाबताना टिकतो, पण एलेवेटर स्वतःकडे ओढायचं असतं तेव्हा घसरतो. चिमटीत पुढून तर्जनीचा अटकाव असतो, ती स्टिक सुटू देत नाही. आमच्याकडे तीन बाजूंनी केळीचे बाग. पट्टी चुकली तर विमान पानांत शिरतं आणि ते शोधताना शेतमालकाची बोलणी वेगळी खावी लागतात. तिथे शेवटच्या पाच सेकंदांत घसरणारी पकड नको.

कुणी अंगठ्याला टाल्कम पावडर लावायला सांगत असेल तर ऐकू नका. ती गिंबलच्या (स्टिक ज्यात फिरते त्या सांध्याच्या) फटीतून आत जाते. स्टिकची जागा मोजणाऱ्या जुन्या, घासणाऱ्या पोटेन्शिओमीटरमध्ये पावडर किंवा काळ्या मातीची धूळ बसली, की मध्यावर आकडा नाचतो आणि सर्व्हो (विमानाची पाती हलवणारी छोटी मोटर) कुरकुरतो. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरवर तसं होत नाही, पण बेअरिंग खरखरीत होतंच. खांद्यावर सुती रुमाल ठेवा, उडवण्याआधी बोटं आणि स्टिकची टोकं दोन्ही पुसा. टोकांचे दात झिजून गुळगुळीत झाले असतील तर ती बदला.

ग्लायडर नंदुरबार

तापीकाठ, तुमनं म्हननं खरं शे, पण हाताने फेकायच्या विमानाचं काय? नवख्यांची निम्मी विमानं तर चाकाविना असतात.

प्रोपेलर पुढे असेल तर थ्रॉटल तीन चतुर्थांशावर ठेवा (ते तिथेच राहतं), रेडिओ उजव्या हातात, उजवा अंगठा स्टिकवर, आणि विमान डाव्या हाताने, नाक किंचित वर ठेवून, वाऱ्यात फेका. सुटताच विमान डावीकडे झुकलं तर उजवा हात तयार आहे. हे फक्त अंगठ्याच्या पकडीत जमतं, कारण रेडिओ एका हाताने उचललेला असतो. चिमटीवाला इथे अडतो.

प्रोपेलर मागे असेल तर सगळं उलटं. चालू मोटरने फेकलं तर पाती मनगटाजवळून जाते. उजव्या हाताने आधी फेका, विमान हाताच्या पुढे गेलं की डाव्या अंगठ्याने थ्रॉटल द्या, आणि उजवा हात लगेच स्टिकवर.

म्हणजे दोन्ही पकडी यायला हव्यात. ‘पहिल्या दिवसापासून फक्त चिमटी’ हे काही मला मान्य नाही.

तापीकाठ, जळगाव

दोघांचे मुद्दे एकाच जागी येतात: रेडिओचं वजन. फोमीवाला म्हणतो दोन बोटांवर रेडिओ राहत नाही, नंदुरबारकर म्हणतात एका हाताने उचलायचा तर अंगठाच हवा. दोन्ही बरोबर, पण उपाय एकच, गळ्यातला पट्टा. युरोपात काही जण पोटापुढे ट्रे बांधून, त्यावर रेडिओ आणि तळवे टेकवून उडवतात. तेवढी गरज नाही. पट्टा लावला की वजन मानेवर जातं, बोटांना फक्त स्टिक उरते. पट्टा नसेल तर मीही चिमटी शिकवणार नाही. पट्ट्याविना चिमटी म्हणजे फोमीवाल्याने सांगितलेला घोटाळाच.

पट्ट्याची लांबी अशी ठेवा की कोपर काटकोनात आणि रेडिओ बेंबीच्या पातळीला येईल. हात सोडले की रेडिओ सपाट किंवा थोडा छातीकडे कललेला लटकला पाहिजे. पुढे कलत असेल तर हुक वजनाच्या मध्यावर नाही. अशा वेळी मध्ये एक तोलपट्टी मिळते, ती लावून हुकाची जागा पुढे घ्या. फेकतानाही रेडिओ गळ्यात राहतो, हात मोकळा.

थ्रॉटल कटचं सोपं आहे. तर्जनी उचलून स्विच दाबा. त्या अर्ध्या सेकंदात अंगठा स्टिकवर असतोच, म्हणजे तेवढ्यापुरते तुम्ही अंगठेवाले.

फोमीवाला, भुसावळ

पट्टा सुचवताय तर त्याचे धोकेही लिहा. रेडिओ जमिनीवर ठेवताना किंवा विमानावर वाकताना लोंबता पट्टा थ्रॉटलच्या स्टिकमध्ये अडकतो आणि मोटर सुरू होते. बॅटरी जोडताना पोरांची बोटं नेमकी तिथेच असतात. इंजिनवालं विमान असेल तर पट्टा सरळ प्रोपेलरमध्ये.

पांझरा, धुळे

हे मात्र लाख बोललास.

तापीकाठ, जळगाव

म्हणून क्रम ठरवून द्या. बॅटरी जोडायच्या आधी थ्रॉटल कट चालू आणि स्टिक तळाला. वाकायचं असेल तर रेडिओ दुसऱ्याच्या हातात, पट्टा हुकातून काढून त्याच्याकडे. विमान पट्टीवर जाऊन आपण मागे उभं राहिलो, की मगच पट्टा अडकवायचा आणि कट काढायचा. उतरल्यावर उलट्या क्रमाने.

अमळनेरी थ्रीडी

आणि जो आधीच अंगठ्याने नीट उतरवतो, त्याला बदलायला लावू नका. गळती मोजा. ३-४ टक्क्यांच्या आत असेल तर विषय संपला. जास्त असेल तर आधी अंगठ्याच्या शेजारी तर्जनी नुसती टेकवायला सांगा, स्टिकच्या समोरून, दाब न देता. निम्म्यांचं काम तेवढ्यानेच होतं. पूर्ण चिमटीवर जायचं असेल तर आधी सिम्युलेटर, मग ट्रेनर (शिकवणाऱ्याचा दुसरा रेडिओ) जोडून उंचावर, आणि उतरवणं सगळ्यात शेवटी.

फोमीवाला, भुसावळ

तर्जनी टेकवायची म्हणजे अंगठ्याचीच पकड झाली. माझ्या बाजूने मोजा.

तापीकाठ, जळगाव

तर्जनी स्टिकला लागली की चिमटी. रविवारी मॉनिटर उघडून बघू, तुझा आकडा किती येतो ते.