तलावात पहिल्यांदा पॅडल बोर्डिंग, उभं राहायला जमेल का?

काठावरचा:
रविवारी स्टँड अप पॅडल बोर्डिंगला (तरंगत्या फळीवर उभं राहून वल्हवायचं) जातोय. पोहता येतं, पण बॅलन्सची बोंब आहे. उभं राहायला जमतं का, की सगळा वेळ पाण्यातच जाणार?

वल्हेवाला:
जमतं रे, फक्त घाई नको. आधी गुडघ्यांवर बसूनच जरा आत जा, कारण उथळ पाण्यात बोर्डखालची फिन (माशाच्या परासारखी पट्टी) तळाला घासली की बोर्ड गपकन थांबतो आणि माणूस तोंडावर आपटतो. मग मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल, गुडघे किंचित वाकवून, नजर लांब समोर. पायांकडे बघितलंस की गेलासच. वल्हं मारत राहा, चालत्या सायकलसारखा बोर्ड चालता असला की स्थिर राहतो. ३२-३४ इंच रुंदीचा बोर्ड मागून घे.

निळीसावली:
वल्हं बघून धरा!! पात्याचा बाक पुढच्या बाजूला हवा, विचित्र दिसतं पण तेच बरोबर. लांबी आपल्या उंचीपेक्षा साधारण २०-२५ सेंमी जास्त.

भिजकंमांजर:
वाऱ्याचं कुणी बोललंच नाही. काठाकडून आत वाहणारा वारा फार फसवा, काठाशी पाणी शांत दिसतं आणि परत येताना दम निघतो. शक्यतो सकाळी जा, सुरुवात वाऱ्याविरुद्ध कर. लाईफ जॅकेट आणि लीश पाहिजेच.

काठावरचा:
लीश म्हणजे पायाची दोरी ना? अडकणार नाही?

भिजकंमांजर:
तलावात नाही अडकत सहसा, उलट पडलास तर बोर्ड वाऱ्याने लांब जात नाही. वाहत्या नदीत मात्र घोट्याला बांधू नये, तिथे झटक्यात सुटणारी कमरेची लागते.